दम लागला नाही, मग पाय का दुखतात?

प्रश्न : जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदाच पूर्ण अंतर धावणार आहे. ग्रुपमधले जुने धावपटू सांगतात, रविवारी दोन-अडीच तास अगदी सावकाश धाव. धावताना धाप लागत नाही, पण सोमवारी जिना उतरताना पाय बोंबलतात. इतकं हळू धावून दमसास वाढतो कसा? आणि दमलोच नाही, तर हा थकवा येतो कुठून?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी सोमवारच्या जिन्याचं बघू. सावकाश धावणं सोपं असतं ते हृदयाला आणि फुप्फुसांना, पायांना नव्हे. मिनिटाला १६५ पावलं धरली तरी दोन तासांत वीस हजारांच्या आसपास पावलं पडतात आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार एका पायावर येतो. तो झेलताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. अशा कामात स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि ती ठणकते एक-दोन दिवसांनी. जिना उतरताना त्यांना पुन्हा तेच काम करावं लागतं, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं जिवावर येतं.

आता दमसास. संथ धावण्यात स्नायूंभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतल्या मायटोकाँड्रिया वाढतात आणि त्याच वेगाला शरीर चरबी जास्त, साखर कमी जाळायला शिकतं. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा जेमतेम चार-पाचशे ग्रॅम. तो पुरवून वापरता आला, तर परतीचा पेडर रोडचा चढ निभतो. शिवाय सुरुवातीला राबणारे संथ तंतू दीड-दोन तासांनी रिकामे होऊ लागले की एरवी आरामात असलेले वेगवान तंतूही कामाला जुंपले जातात. शेवटच्या अर्ध्या तासाची किंमत ती हीच. पाऊण तासाच्या तीन फेऱ्यांनी ती भरून निघत नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटर धावणाऱ्या पीटर स्नेललाही ऑकलंडजवळच्या डोंगरांत ३५ किलोमीटर पळवत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलनं सुवर्ण जिंकलं. (त्यांची ‘सावकाश’ चाल आपल्यापैकी बहुतेकांना झेपणार नाही, हे सोडा.)

हौशी धावपटूंची खरी गडबड वेगळीच असते. सावकाश म्हणत म्हणत ग्रुपच्या नादानं ते मध्यम वेगात धावतात. ना धड आराम, ना धड कसरत. पूर्ण वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत, एवढीच कसोटी पुरे. आपल्या दमट हवेत दुसऱ्या तासात वेग तोच राहिला तरी नाडी चढत जाते, कारण घामानं रक्तातलं पाणी घटतं आणि बरंच रक्त कातडी थंड ठेवायला वळतं. तेव्हा घड्याळातला वेग सांभाळू नका, चाल कमी करा. मध्ये दोन मिनिटं चाललात तर काही बिघडत नाही.

लांब धाव एकदम वाढवू नका. दर तीन-चार आठवड्यांनी एक रविवार आखूड ठेवा. घरी आल्यावर तासाभरात पोळी-भाजी किंवा दहीभात पोटात जाऊ द्या, आणि सोमवारी फार तर चालायला जा. दोन्ही मांड्या सारख्याच जड असतील आणि बुधवारपर्यंत मोकळ्या होत असतील, तर काळजी नको. एकाच जागी टोचणारं, चालतानाही वाढणारं दुखणं असेल, तर मात्र धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.