यात्रेत कसे वागावे?

आपल्या अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. पूर्वी काठावर चिखल असे, माणसे घसरून पडत. गाडगेबाबांनी लोकवर्गणीतून तिथे घाट बांधला. ते हाती खराटा घेऊन यात्रेची जागा झाडत.

म्हणून आपण रांगेत ढकलाढकली करू नये. म्हाताऱ्या माणसाला घाटावर हात द्यावा. पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत टाकू नयेत. तेच पाणी पुढच्या गावची गुरं पितात.

माझी आजी म्हणते, "पाया पडाले जाचं अन् घान करून याचं, तं पुण्य कसं लागन बाप्पा?" मला तिचं पटतं. यंदा कचऱ्यासाठी मी घरून रिकामं पोतं नेणार आहे. तुम्ही पण न्या.