दुकान नसलेला स्पॅम

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी सेक्शनसाठी लिहायला बसले तेव्हा पहिला पॅराग्राफ रूममेटने तीनदा खोडला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहिल्या असतील तर बोल तिला लावा! विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समधला आहे : शेअरची टिप देणारा स्पॅम. त्यातही एक खास जात, जिच्यातली लिंक शंभर टक्के खरी असते.

माझे मामा गिरगावात राहतात. बँकेतून रिटायर झालेले. रविवारी मेसला सुट्टी असली की मी चर्नी रोडला उतरून त्यांच्याकडे जेवायला जाते. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी आमटी-भात झाल्यावर त्यांनी मला एक मेल दाखवला. एका छोट्या कंपनीचं नाव, आजचा भाव, तीन महिन्यांचं टार्गेट, "सोमवारी बाजार उघडताच घ्या" आणि खाली लिंक.

मी म्हटलं, "मामा, हे फसवं आहे. तुम्ही लिंकवर क्लिक नाही ना केलं?"

"केलं की! तू पण करून बघ. बीएसईचीच साइट आहे. कंपनीला ऑर्डर मिळाल्याचं पत्र तिथेच लावलंय."

मी बघितलं. खरंच बीएसईची साइट होती आणि पत्रही खरं होतं. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला असल्याचा सगळा रुबाब तिथेच उतरला. कारण आपल्याला शिकवलेलं एवढंच असतं : लिंक नीट बघा, स्पेलिंग बघा, कुलूप बघा. इथे सगळं बरोबर होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. मामांनी दोन लाख घातले. ते पैसे मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले होते, हे मला नंतर कळलं. शेअर काही दिवस रोज अप्पर सर्किटला लागला आणि मग लोअर सर्किट सुरू झालं.

ज्यांना सर्किट म्हणजे फक्त किर्चॉफ आठवतो त्यांच्यासाठी थोडं गणित. शेअरचा भाव एका दिवसात किती वर-खाली जाऊ शकतो याला एक्स्चेंजने मर्यादा घातलेली असते. बऱ्याच लहान शेअरना ती ५ टक्के असते. रोज ५ टक्के वर, असे २० दिवस गेले तर भाव २.६५ पट होतो. आलेख बघून कोणालाही वाटेल, काय सुंदर कंपनी! पण उलट्या दिशेला रोज ५ टक्के खाली, असे १० दिवस गेले की १०० चे साधारण ६० उरतात. आणि खरा त्रास भाव पडण्याचा नाहीच. लोअर सर्किटला सगळे विकायला उभे असतात, घ्यायला कोणी नसतं. मामा रोज सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायचे आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहायची. दोन लाखांचे एक लाख वीस हजार होताना ते नुसते बघत होते. मामी काही बोलली नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

तेव्हा मी ठरवलं की मिनी प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचा.

स्पॅम फिल्टरची जुनी पद्धत आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी एक लेख लिहून बेजच्या सूत्रावर चालणारे फिल्टर लोकप्रिय केले. कल्पना साधी : कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, ते मोजा, गुणोत्तरं काढा, एकमेकांशी गुणा. दुसरी पद्धत मेलमधली लिंक बघते. २००४ पासून चाललेल्या एसयूआरबीएलसारख्या याद्यांमध्ये स्पॅममधून जाहिरात होणाऱ्या साइटची नावं ठेवतात, मेलमध्ये त्यातलं नाव दिसलं की मेल बाद. ही युक्ती फार चांगली चालते, कारण स्पॅम पाठवणारा आपला पत्ता रोज बदलू शकतो, पण दुकान लपवता येत नाही. गोळ्या विकायच्या असोत की नकली घड्याळं, गिऱ्हाइकाला शेवटी कुठेतरी न्यावंच लागतं.

शेअरच्या स्पॅमला दुकानच लागत नाही! पाठवणाऱ्याने शेअर आधीच स्वस्तात घेऊन ठेवलेले असतात. तुम्ही स्वतःच्या ब्रोकरकडून, स्वतःच्या डिमॅट अकाउंटमध्ये, कायदेशीर एक्स्चेंजवर ते घेता. त्याचे शेअर तुमच्याकडे येतात, तुमचे पैसे त्याच्याकडे जातात आणि तुमची त्याची कधी भेटही होत नाही. त्याचं दुकान म्हणजे दलाल स्ट्रीट. मग लिंक कशाला? एक तर वाचणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून. दुसरं म्हणजे फिल्टरला गंडवण्यासाठी, कारण बीएसईचं नाव काळ्या यादीत टाकायची हिंमत कोण करणार?

हे काही आपल्याकडचंच नाही. अमेरिकेत २००६-०७ च्या सुमारास अशा मेल्सचा पूर आला होता. फिल्टर शब्द वाचतात म्हणून मजकूर चित्रात घालून पाठवायचे, चित्रं पकडली गेली की पीडीएफमध्ये, २००७ मध्ये तर बोललेल्या ऑडिओ फाइलसुद्धा. मार्च २००७ मध्ये तिथल्या एसईसीने ३५ कंपन्यांच्या शेअर्सचे व्यवहार एका झटक्यात थांबवले. फ्रीडर आणि झिट्रेन या दोघांनी अभ्यास करून दाखवलं की असा स्पॅम खरंच काम करतो : मेल्सच्या आधी घेणारा आणि लाटेत विकणारा कमावतो, मेल वाचून घेणारा गमावतो. आपल्याकडे हेच एसएमएस, टेलिग्राम आणि यूट्यूबवरून होतं. मार्च २०२३ मध्ये सेबीने दोन छोट्या ब्रॉडकास्ट कंपन्यांच्या प्रकरणात आदेश काढले, त्यात यूट्यूबवरच्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंनी शेअर चढवल्याचा ठपका होता.

ही गोष्ट मी मेसमध्ये सांगत होते तेव्हा वाढणारे काका ऐकत होते. ते लालबागचे, वडील परळच्या गिरणीत होते. ते म्हणाले, मटका सुरू व्हायच्या आधी आकडा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागायचा. भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे. "भाव खराच असायचा ना, म्हणून तर लोक लावायचे. खोटा असता तर कोण लावणार?" नंतर शोधलं, तर १९६० च्या आसपास ते भाव येणं बंद झालं आणि मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली, असं सापडलं. काकांचं ते वाक्य मी प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रस्तावनेत घातलं होतं. गाइड सरांनी कापलं. असो.

आता फिल्टरकडे. माझा पहिला फिल्टर साधा बेजचा होता आणि त्याने मामांचाच मेल पास केला! का, ते एका काल्पनिक उदाहरणाने सांगते. समजा, १०० स्पॅममधल्या ८० मध्ये 'टार्गेट' शब्द आहे आणि १०० चांगल्या मेल्समधल्या २० मध्ये. गुणोत्तर ४. 'लगेच घ्या' स्पॅममध्ये ५०, चांगल्यात ५. गुणोत्तर १०. दोन्ही गुणले की ४०. आता एक्स्चेंजची लिंक : स्पॅममध्ये ३०, चांगल्यात ९०, कारण ब्रोकरच्या प्रत्येक मेलच्या तळाशी ती असतेच. गुणोत्तर एक तृतीयांश. ४० ला ३ ने भागलं की १३.३, म्हणजे स्पॅम असण्याची शक्यता ९३ टक्के. ठीक आहे, पकडला. पण पाठवणाऱ्याने तशाच तीन खऱ्या लिंक घातल्या तर? ४० भागिले २७, म्हणजे १.४८. शक्यता ६० टक्क्यांवर आली. मी मर्यादा ९० ठेवली होती. सुटला!

चूक दोन ठिकाणी आहे. तीन लिंक म्हणजे तीन वेगळे पुरावे नव्हेत, एकाच माणसाने तीनदा शपथ घेतल्यासारखं ते आहे. बेजच्या या साध्या रूपात सगळे पुरावे स्वतंत्र मानलेले असतात, ते इथे खोटं ठरतं. दुसरी चूक जास्त महत्त्वाची : जी गोष्ट कोणीही फुकटात मेलमध्ये घालू शकतो, तिच्यावरून मेल चांगला ठरवायचाच नाही. म्हणून मी नियम केला की प्रसिद्ध साइटच्या लिंकचं गुणोत्तर १. ना पुण्य, ना पाप.

मग लिंकऐवजी बघायचं काय? मी मेलमधून कंपनीचं नाव किंवा बीएसईचा सहा आकडी कोड काढायला लागले आणि एक्स्चेंजच्या रोजच्या भावकॉपीशी ताडून बघायला लागले. शेअर किती लहान आहे, एरवी उलाढाल किती असते, गेल्या काही दिवसांत ती अचानक फुगली आहे का. हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी आपापल्या बाबांचे मेल्स आणून दिले, त्यातून एकच शेअर एकाच आठवड्यात अनोळखी पाठवणाऱ्यांकडून वेगवेगळ्या घरी आलेला दिसला की गुण वाढवायचे. हे भलतंच उपयोगी पडलं. मध्ये एक गंमतही झाली. ५ ने सुरू होणारे सहा आकडे दिसले की माझा प्रोग्रॅम त्याला शेअरचा कोड समजायचा. हैदराबादचे पिनकोड ५०० ने सुरू होतात! आमच्या विंगमधल्या हैदराबादच्या मुलीच्या घरून आलेल्या लोणच्याच्या पार्सलचा मेल "संशयास्पद गुंतवणूक" म्हणून निघाला.

दुसरी चूक मात्र गमतीची नव्हती. सुधारलेला फिल्टर मी मोठ्या अभिमानाने मामांच्या मेलला लावला. दोन महिन्यांनी त्यांच्याकडच्या एका चांगल्या, जुन्या कंपनीचं बायबॅक आलं. कंपनी बाजारभावापेक्षा जास्त दराने शेअर परत घेणार होती. त्या मेलमध्ये काय होतं? कंपनीचं नाव, देऊ केलेला भाव, शेवटची तारीख, "त्वरा करा" आणि एक्स्चेंजची लिंक. माझ्या फिल्टरने तो गपचूप स्पॅममध्ये टाकला. मुदत संपून गेल्यावर मामांना शेजाऱ्याकडून कळलं. पहिलं नुकसान त्यांनी स्वतः केलं होतं. हे मी केलं. त्या रविवारी मी जेवायला गेले नाही.

नंतर दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवून बसले. शब्दांत फरक जवळजवळ नव्हताच. फरक एकच : खऱ्या मेलला मामा माहीत होते. त्यात त्यांचं पूर्ण नाव होतं, डिमॅट खात्याच्या आकड्यांचे शेवटचे चार अंक होते, जोडलेली फाइल पॅन नंबरने उघडत होती. लाखभर लोकांना एकच मेल पाठवणाऱ्याकडे हे सहसा नसतं. मग मी बाजू उलटवली. मेल पाठवणाऱ्याच्या डोमेनची सही जुळते का, त्या डोमेनकडून मामांना आधी काही आलंय का आणि मेलमध्ये फक्त मामांनाच लागू पडेल असं काही आहे का, या तीन गोष्टींनाच चांगुलपणाचे गुण. मात्र हेही पक्कं नाही. ब्रोकरकडचा डेटा फुटला तर नाव आणि खातं चोरालाही कळेल.

एसएमएसच्या बाबतीत ट्रायने थोड्याफार याच दिशेने पाऊल टाकलंय, असं मला वाटतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून, आधी नोंदवलेली नसेल अशी लिंक असलेला व्यापारी एसएमएस टेलिकॉम कंपन्यांनी अडवायचा, असा नियम आहे. यात लिंक पाठवणाऱ्या संस्थेच्या नावावर नोंदलेली असते. म्हणजे प्रश्न "साइट चांगली आहे का" हा राहत नाही, "ही साइट दाखवायचा या माणसाला हक्क काय" असा होतो. ईमेलमध्ये असं रजिस्टर नाही. साध्या दहा आकडी नंबरवरून किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या टिपेलाही ते लागू पडत नाही. तिथे विचारायचं ते एवढंच की सल्ला देणाऱ्याचा सेबी रजिस्ट्रेशन नंबर काय. सल्लागाराचा आयएनए ने आणि रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर तपासता येतो. नंबर स्वतः टाइप करून तपासायचा, मेलमधल्या लिंकवरून नाही.

प्रोजेक्टला मार्क बरे पडले. एक्स्टर्नल सरांनी अचूकता किती टक्के विचारली. मी सांगितलं की मेल्स इतके कमी आहेत की टक्केवारी काढणं म्हणजे थाप मारणं होईल. ते हसले, पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता माझा फिल्टर काहीही डिलीट करत नाही, की स्पॅममध्येही टाकत नाही. मेलच्या वर मराठीत एक पिवळी पट्टी लावतो : "या मेलमधली लिंक खरी आहे. मेल कोणी पाठवला ते माहीत नाही. हा शेअर गेल्या आठवड्यात आणखी तीन घरी आला आहे." मामांनी फॉन्ट मोठा करायला सांगितला, तो केला. त्यांचे ते शेअर अजून डिमॅटमध्येच आहेत. मामीचं ऑपरेशन दिवाळीनंतर परळच्या हॉस्पिटलमध्ये ठरलंय, पैसे माझ्या आईने दिले. आणि परवा मामांचा फोन आला. सोसायटीतल्या दोन जणांना ती पिवळी पट्टी त्यांच्याही मोबाइलवर हवी आहे, रविवारी लॅपटॉप घेऊन ये म्हणाले.