मेफ्लॉवर : जमिनीलगतचे राज्यपुष्प

महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण वृक्षावर बहरते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताने १९०१ मध्ये ज्या फुलाची आपले बोधचिन्ह म्हणून निवड केली, ते मेफ्लॉवर मात्र वाकून, वाळलेला पालापाचोळा बाजूस सारून शोधावे लागते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यानेही १९१८ मध्ये हेच फूल स्वीकारले.

'एपिजिया रिपेन्स' हे या वनस्पतीचे शास्त्रीय नाव. ग्रीक भाषेतील त्याच्या पहिल्या पदाचा अर्थ 'भूमीवर' असा होतो, तर दुसरे लॅटिन पद सरपटणे सुचविते. ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुलातील ही सदाहरित वनस्पती असून तिचे तांबूस लव असलेले खोड जमिनीलगत पसरते. पाने चिवट व लंबगोल असतात. हिवाळा सरतो न सरतो तोच, एप्रिल-मेमध्ये, पानांच्या आडोशाला पांढऱ्या किंवा गुलाबी, पाच पाकळ्यांच्या सुवासिक फुलांचे लहान झुबके येतात. दीर्घ हिमकाळानंतर या सुगंधाचे तेथील लोकांना अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच होय.

परंतु हेच अप्रूप या वनस्पतीला बाधले. एकोणिसाव्या शतकात मेफ्लॉवरच्या जुड्या शहरांत विक्रीस येत. फूल खुडताना बारीक खोड ओढले जाते आणि त्यासोबत उथळ मुळेही उपटून येतात. या मुळांचे जमिनीतील विशिष्ट बुरशीशी साहचर्य असते; आम्लधर्मी माती व ही बुरशी यांवाचून रोप तग धरीत नाही. म्हणूनच रानातून उपटून बागेत लावलेली रोपे बहुधा मरतात. बीजप्रसाराचे काम मुख्यत्वे मुंग्या करतात. फळातील चिकट, गोड गराच्या लोभाने त्या बिया वाहून नेतात, पण मुंगीची धाव ती किती! एखाद्या जागेवरून नाहीसे झालेले मेफ्लॉवर तेथे सहजासहजी परत येत नाही, त्याचे कारण हेच.

मॅसॅच्युसेट्सने १९२५ मध्ये कायदा करून सार्वजनिक जागेतील, तसेच दुसऱ्याच्या जमिनीतील रोप त्याच्या लेखी अनुमतीवाचून उपटणाऱ्यास ५० डॉलरपर्यंत दंड ठेवला. वेषांतर करून किंवा रात्री चोरून हे कृत्य केल्यास दंडाची मर्यादा १०० डॉलर! वेष पालटून फुले चोरणाऱ्यांची कल्पना मनोरंजक खरी. तथापि, कायद्यातील पळवाट अधिक विचारात घेण्याजोगी आहे. फूल मिळविण्यासाठी रोपाला जेवढी इजा होणे वाजवी व आवश्यक असेल, तेवढीला त्यात सूट आहे. आता इतक्या नाजूक वनस्पतीच्या बाबतीत 'वाजवी' इजा कोणती, हे कोणी ठरवावे? शिवाय स्वतःच्या जमिनीवरील झाडोरा साफ करणाऱ्या मालकाला हे कलम लागूच होत नाही. रोपवाटिकांत बिया वा छाटकलमांपासून ही रोपे तयार करता येतात, पण बियांपासून वाढविलेले रोप फुलावर येण्यास काही वर्षे वाट पाहावी लागते.