भिंतीवरून कागदावर

चित्र काढून पोट भरतं का? गावात कुणालाही विचारा. तो हसेल. त्यातून ते चित्र बाईनं काढलेलं असलं, तर त्याला कुणी चित्र म्हणतच नाही. बाई पहाटे उठते. सडा घालते. रांगोळी काढते. घरातली माणसं तिच्यावरूनच ये-जा करतात. दुपारपर्यंत ती पुसून जाते. त्या हातात कला आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. सगळं घरकामात धरलं जातं. आणि घरकामाला दाम नसतो.

या पाठात ज्या बायांची हकिगत आहे, त्याही अशाच घरकाम म्हणून चित्रं काढीत होत्या.

बिहारच्या उत्तर भागात, नेपाळच्या सीमेला लागून, मिथिला नावाचा मुलूख आहे. जनकराजाचा हा मुलूख. सीतामाईचं माहेर. मधुबनी हा त्यातलाच एक जिल्हा. तिथं लग्नघरात एक खास खोली असते. तिला कोहबर म्हणतात. लग्नानंतरचे पहिले दिवस नवरानवरी त्या खोलीत काढतात. त्या खोलीच्या भिंती बाया चित्रांनी भरून टाकतात. मधे मोठं कमळ, बाजूला बांबूचं बेट. मासे, कासव, पोपट, सूर्य, चंद्र. बांबूचं बेट जसं वाढतं तसा वंश वाढावा, असा त्याचा अर्थ.

रंग दुकानातून येत नसे. दिव्याची काजळी, हळद, नीळ, पळसाची फुलं, तांदळाची पिठी. बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला की झाला कुंचला. म्हातारी काढायची आणि नात शेजारी बसून बघायची. हीच शाळा. चित्राखाली कुणी नाव घालीत नसे. कशाला घालायचं? पुढच्या कार्याला भिंत पुन्हा सारवली की जुनं चित्र गेलंच.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला. घरं कोसळली. आतल्या खोल्यांच्या भिंती रस्त्यावरून दिसू लागल्या. आर्चर नावाचे एक इंग्रज अधिकारी नुकसान पाहायला आले होते. पडक्या भिंतींवरची चित्रं पाहून ते थक्क झाले. त्यांनी फोटो काढले. पुढे १९४९ साली त्यांनी एक लेख लिहिला. त्या लेखामुळे शहरातल्या जाणत्या लोकांना मिथिलेच्या चित्रांची वार्ता लागली. काढणाऱ्या बायांना मात्र त्यातलं काहीच कळलं नाही, मिळालंही नाही.

मग १९६६ आणि १९६७ साली बिहारात दुष्काळ पडला. दोन वर्षं पिकं गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बाया खडी फोडायला गेल्या, ते पुष्कळांना आठवत असेल. मिथिलेत तसं नव्हतं. तिथल्या ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बायांना मोठा पडदा. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. कामावर जाऊन माती उपसणं तर दूरच. घरात दाणा नाही, आणि दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. अशी त्यांची कोंडी झाली.

त्या वेळी सरकारच्या हस्तकलेच्या कामात पुपुल जयकर या बाई होत्या. त्यांनी मुंबईचे एक चित्रकार मधुबनीला धाडले. त्यांचं नाव भास्कर कुळकर्णी. हा आपला मराठी माणूस गावोगाव हिंडला. कोण बाई चांगली चित्रं काढते याची त्यानं चौकशी केली. सोबत कागद नेले होते. 'जे भिंतीवर काढता, तेच यावर काढा. सरकार विकत घेईल,' असं सांगणं होतं.

बाया बिचकल्या. परका पुरुष, त्यात शहरातला. शिवाय कोहबरचं चित्र म्हणजे लग्नातलं मंगलकार्य. ते कागदावर काढून बाजारात मांडायचं? ही बाब साधी नव्हती. पण काही जणींनी धीर केला. जितवारपूर नावाच्या गावच्या जगदंबादेवी आणि सीतादेवी त्यांत होत्या. रशीदपूर गावच्या गंगादेवीही लौकरच कागदावर काढू लागल्या. चित्रं दिल्लीला गेली. लोकांना आवडली. पैसे आले.

इथं जरा थांबून विचार करू. चित्र तेच, बाई तीच, हातही तोच. मग बदललं काय? भिंत विकता येत नाही. ती घराची असते, आणि घर पुरुषाच्या नावावर असतं. कागद मात्र गुंडाळून गाडीत घालता येतो. पडद्यातली बाई घरीच बसते आणि तिचं काम दिल्लीला जातं. दिल्लीचा पैसा तिच्या दारात येतो. तो ती स्वतः मोजून घेते. बाईच्या हाती स्वतःच्या कमाईची नोट आली, की घरातल्या बोलण्यात तिचा शब्द पहिल्यासारखा हलका राहत नाही.

जगदंबादेवी बालविधवा होत्या. आपल्या समाजात बालविधवेला काय मान मिळे, ते सांगायला नको. १९७५ साली भारत सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. सीतादेवींना १९८१ साली मिळाली. सीतादेवींचं चित्र दुरूनही ओळखू येई. ठसठशीत काळी रेघ, आणि आत गच्च भरलेला लाल, पिवळा रंग. या भरण्याच्या पद्धतीला तिथं भरनी म्हणतात. त्यांनी गावातल्या पुष्कळ जणींना शिकवलं. नाव झाल्यावर मोठे अधिकारी आणि पुढारी त्यांना भेटू लागले. त्या भेटींत त्यांनी गावचा रस्ता काढला, शाळा काढली. गावासाठी पाठपुरावा केला. जितवारपुरात घरोघर चित्रकार झाले ते काही आपोआप नव्हे.

आता एक गोष्ट आपल्या घरची. हेच भास्कर कुळकर्णी पुढे आपल्या डहाणू भागात वारली लोकांकडे आले. तिथंही लग्नाचा चौक भिंतीवर लिहितात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीनं. मधे पालघट देवी. हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. म्हणजे तोही बायांचाच. पण कागद आला तेव्हा गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी तो हाती घेतला. ते थोर चित्रकार होते, यात शंका नाही. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्यामागून वारली चित्रांत जे नावारूपाला आले, त्यांत बाप्येच फार. सवाशिणी भिंतीपाशीच राहिल्या. कागद घेऊन येणारा माणूस एकच होता. मिथिलेत नाव बायांचं झालं, आपल्याकडे बाप्यांचं झालं. असं का व्हावं? वाचणाऱ्या बायांनी आणि बाप्यांनीही यावर एकमेकांशी बोलावं.

मिथिलेतही सगळ्याच बायांना सारखी वाट मिळाली, असं समजू नका. पहिल्या नावाजलेल्या बाया ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या. दुसाध जातीच्या बाया वेगळ्या टोल्यात राहत. टोला म्हणजे वाडी. त्यांच्या घरी कोहबरची तशी चित्रं नव्हती. पण त्यांच्या अंगावर गोंदण होतं. तिकडे गोंदणाला गोदना म्हणतात. पुढे त्यांनी ते गोंदण कागदावर उतरवलं. ओळीनं माणसं, ओळीनं झाडं, ओळीनं हत्ती. आणि राजा सलहेस या आपल्या लोकदेवाच्या कथा. लोक पाहतच राहिले. या गोदना चित्रांसाठी शांतीदेवी पासवान आणि त्यांचे पती शिवन पासवान यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दोघांना मिळून एकच मान. असं जोडप्याचं उदाहरण विरळा.

आता गंगादेवींची हकिगत जरा निवांतपणे सांगतो. त्या कायस्थ घरातल्या. त्यांची पद्धत कचनी. म्हणजे रंग भरायचा नाही, बारीक रेघांनीच चित्र उभं करायचं. टाक शाईत बुडवायचा आणि केसासारखी रेघ ओढायची. एक चित्र पुरं व्हायला कित्येक दिवस लागत.

त्यांना मूलबाळ जगलं नाही. नवऱ्यानं दुसरी बायको केली. बाईच्या आयुष्यात यापुढे काय उरतं, असं त्या काळी कुणीही म्हटलं असतं. गंगादेवींना घर सोडायची वेळ आली. हातात टाक तेवढा होता. त्या टाकावर त्या उभ्या राहिल्या. १९८४ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. १९८५ साली त्या अमेरिकेला गेल्या. वॉशिंग्टन शहरात मोठा मेळा भरला होता. तिथं त्यांनी उंच रुळांवरून सुसाट धावणारी जत्रेतली गाडी पाहिली. आपल्या जत्रेत पाळणा असतो ना, त्याचाच थोरला भाऊ. त्यांनी त्या गाडीचं चित्र काढलं. अमेरिकेची गाडी, पण रेघ मिथिलेची. देवादिकांखेरीज आणि लग्नाखेरीज दुसरं काही काढायचं नाही, असा त्यांनी कधी नेम केला नाही. डोळ्यांनी जे पाहिलं ते काढलं. बाईच्या जन्मापासूनचे सोहळे आणि विधी यांचीही त्यांनी चित्रमाळ केली.

पुढे त्यांना कॅन्सर झाला. उपचारासाठी त्या दिल्लीत राहिल्या. इस्पितळ, खाटा, डॉक्टर, आगगाडीचा प्रवास, हे सारं त्यांनी चित्रांत आणलं. स्वतःचं दुखणं असं नीट बघून कागदावर मांडायला किती धीर लागत असेल! त्याच काळात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एका खोलीच्या भिंती रंगवल्या. पूर्ण कोहबर. अंगात ताप आणि वेदना, तरी रोज थोडं थोडं काम चाले. १९९१ साली त्या वारल्या.

त्या भिंती पुढे वीसहून अधिक वर्षं लोकांनी पाहिल्या. २०१५ च्या सुमाराला संग्रहालयाची दुरुस्ती निघाली आणि त्या भिंती नाहीशा झाल्या. गावातली भिंत सारवली तर पुढच्या लग्नाला नवं चित्र निघतं. ही भिंत पुन्हा कोण काढणार? कागदावरची चित्रं आहेत, ती मात्र राहिली.

पैशाच्या बाबतीतही सगळं गोडगोड झालं नाही. चित्रांना मागणी आली तसे दलाल आले. बाईच्या दारात येऊन चार पैशांना चित्र घ्यायचं आणि शहरात चढ्या भावानं विकायचं, हा त्यांचा धंदा. एकटी बाई काय घासाघीस करणार? तिला शहरातला भावच ठाऊक नाही. पावतीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. म्हणून काही जणींनी एकत्र येऊन माल विकायला सुरुवात केली. मधुबनीत गौरी मिश्रा यांनी बायांसाठी 'सेवा मिथिला' ही संस्था काढली. दहा जणी मिळून भाव सांगतात, तेव्हा दलालाला ऐकावं लागतं. भाजी विकणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

आणि नावाचं काय? भिंतीवर नाव नव्हतं. कागदावर नाव आलं. ज्या चित्रावर नाव असतं, त्याला भाव जास्त येतो. कुणी नक्कल केली तरी सांगता येतं, की बाबा, हे माझं आहे. पण नाव घालायचं तर ते लिहिता यायला हवं.

इथं दुलारीदेवींची गोष्ट येते. मधुबनीजवळ रांटी नावाचं गाव आहे. दुलारीदेवी तिथल्या मल्लाह घरातल्या. मल्लाह म्हणजे नावाडी, मासे धरणारे लोक. लहानपणीच लग्न झालं. एक मुलगी झाली, ती गेली. मग त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लोकांच्या घरी झाडलोट, भांडी करू लागल्या.

त्यांतलं एक घर महासुंदरीदेवींचं होतं. महासुंदरीदेवी आणि त्यांच्या जाऊबाई कर्पूरीदेवी, दोघीही नावाजलेल्या चित्रकार. केर काढता काढता दुलारीदेवी बघत राहायच्या. घरी गेल्यावर अंगणातल्या मातीवर काडीनं रेघा ओढायच्या. ही गोष्ट त्या दोघींच्या ध्यानात आली. त्यांनी या मोलकरणीला शिकवायला घेतलं. मालकिणीनं मोलकरणीच्या हातात कुंचला द्यावा, ही काही रोज घडणारी गोष्ट नव्हे. तीही वेगळ्या जातीच्या बाईच्या हातात. महासुंदरीदेवींना २०११ साली पद्मश्री मिळाली. मला विचाराल, तर त्यांच्या चित्रांइतकंच हे शिकवणं मोलाचं होतं.

दुलारीदेवी देवांची चित्रं काढतातच. पण जाळं टाकणारे कोळी, शेतात वाकलेल्या बाया, आपल्या वस्तीतला बाजार, हेही त्यांच्या चित्रांत येतं. त्या अक्षरं थोडीच शिकल्या. स्वतःचं नाव आणि गावाचं नाव. तेवढी चित्राखाली घालायला पुरली. २०१० साली त्यांच्या आयुष्याचं एक चित्रमय पुस्तक निघालं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

देशाच्या अर्थमंत्री निर्मला सीतारामन एकदा मधुबनीला गेल्या होत्या. तेव्हा दुलारीदेवींनी त्यांना एक साडी भेट दिली. १ फेब्रुवारी २०२५ ला देशाचा जमाखर्च संसदेत मांडायला निघताना सीतारामन तीच साडी नेसल्या. साडी फिक्या रंगाची होती. तिच्यावर मासे होते.