धावता धावता : दहा किलोमीटरचा हिशोब

हा लेख फिटनेसवर नाही. तसे दोन लेख मागच्या अंकात येऊन गेले आणि ते वाचून कुणी सकाळी उठल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही! हा लेख आहे एका हिशोबाचा. यंदाच्या जानेवारीत मी आमच्या भागात झालेल्या एका मदतनिधी शर्यतीत १० किलोमीटर धावले. पुढच्या वर्षी आपल्या कॉलेजमधून निदान वीस जण तरी उतरावेत, म्हणून जे शिकले ते लिहून ठेवतेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे मराठीत कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळ बघून घेईल.

आधी शर्यत कशासाठी होती ते सांगते. आपल्या हॉस्टेलपासून दोन गल्ल्या सोडून कर्णबधिर मुलांची एक छोटी शाळा आहे. तिथल्या मुलांना श्रवणयंत्रं आहेत. यंत्र कुठल्या तरी योजनेतून मिळतं, कधी कुणी दाता देतो, पेढे वाटले जातात, फोटो निघतो. पण यंत्राला सेल लागतो, आणि सेल देताना कुणी फोटो काढत नाही. आपण ई अँड टीसीवाले, म्हणून जरा खोलात जाते. हे शर्टाच्या बटणाएवढे झिंक-एअर सेल असतात. त्यावर एक छोटं स्टिकर असतं. ते काढलं की बारीक भोकांतून हवा आत जाते, तिच्यातल्या ऑक्सिजनची जस्ताशी रासायनिक क्रिया सुरू होते आणि वीज तयार होते. एकदा स्टिकर निघालं की यंत्र वापरा अगर बंद ठेवा, सेल उतरतच जातो. त्यामुळे 'घरी यंत्र काढून ठेव, शाळेत घाल' ही आईवडिलांची काटकसर फारशी उपयोगाची नाही. उलट त्यात मुलाचं घरातलं बोलणं ऐकायचं राहून जातं, आणि भाषा शिकायची खरी जागा तर घरच. आणि सेल संपलेलं यंत्र म्हणजे कानात घातलेलं बूच. त्यापेक्षा नुसता कान बरा!

शाळेतल्या बाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे एक सेल साधारण १० दिवस जातो. दोन कानांचे मिळून वर्षाला ७३ सेल. शाळेला मिळालेला भाव ३५ रुपये. म्हणजे एका मुलाचं एका वर्षाचं ऐकणं २,५५५ रुपयांना पडतं. तितक्यात आपलं एका सेमिस्टरचं झेरॉक्सचं बिल होतं!

आता मुख्य प्रश्न. मी हे सगळं घरी सांगितल्यावर आत्या म्हणाली, "अगं, मग सरळ पैसे दे ना त्यांना. तू धावल्याने त्या पोरांना ऐकू येणार आहे का?" प्रश्न बिनतोड होता. मी दोन दिवस त्यावर विचार केला.

पहिली गोष्ट अशी की माझ्याकडे पैसे नव्हते. मी दिले असते तर फार तर ३०० रुपये. पण माझ्या ओळखीच्या पन्नास माणसांकडे थोडे थोडे होते, आणि नुसते मागायला गेले असते तर त्यांनी "बघू" म्हटलं असतं. धावते म्हटल्यावर माणसं वेगळं वागतात. यावर खरोखर संशोधन झालेलं आहे. ऑलिव्होला आणि शफीर या दोघांनी २०१३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की मदतनिधीसाठी सहल ठेवली तर लोक जेवढे पैसे द्यायला तयार होतात, त्याहून जास्त ५ मैल धावायचं असेल तर होतात. कष्ट पडले की देण्याला अर्थ येतो असं माणसाला वाटतं. आपल्याकडे पायी वारी आणि अनवाणी नवस असताना हे कळायला प्रयोग कशाला हवा, हा भाग वेगळा.

दुसरं उदाहरण टेरी फॉक्सचं. हा कॅनडाचा मुलगा. हाडाच्या कॅन्सरमुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० ला त्याने देशाच्या पूर्व टोकापासून कृत्रिम पायावर धावायला सुरुवात केली. रोज जवळपास एक मॅरेथॉन! १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि कॅन्सर फुप्फुसात पसरल्याचं कळल्यावर थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर एवढंच त्याचं मागणं होतं, आणि तो हयात असतानाच निधी २.४ कोटी डॉलरच्या वर गेला, म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येमागे डोई एक डॉलर. त्याच्या नावाने होणाऱ्या दौडीत कुणाचा नंबर काढत नाहीत, बक्षीस नसतं. चेन्नईला आयआयटी मद्रासच्या आवारातही ती झालेली आहे. मी वयाने त्याच्या जवळपास आणि दोन्ही पाय शाबूत, तेव्हा आत्याला माझ्याकडून उत्तर मिळालं. तिने किलोमीटरमागे २५ रुपये लिहिले!

आपल्या राज्यात २००४ पासून मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि संस्थांसाठी धावण्याची कल्पना घरोघरी पोचली. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. आमच्या शर्यतीची फी ४०० रुपये होती. संयोजकांना मी हिशोब विचारला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की टी-शर्ट, मेडल, पाणी, केळी, अँब्युलन्स आणि चिप यांतच ती जवळजवळ सगळी जाते. शाळेला जातात ते धावणाऱ्याने गोळा केलेले पैसे. मला हे उत्तर आवडलं. जिथे असं विचारल्यावर तोंडं वाकडी होतात, तिथे टी-शर्टपुरतं धावावं आणि देणगी स्वतः नेऊन द्यावी.

तर मी एक वही केली. नाव, किलोमीटरमागे किती, सही. मेसच्या काकूंनी ५ रुपये लिहिले, सिक्युरिटी काकांनी १०, आमच्या एका सरांनी "पूर्ण केलंस तरच" या अटीवर ५०. (वसुलीत माझी एकच पंचाईत. कुणी "एकोणसाठ" म्हटलं की मला आधी मनात इंग्रजीत मोजावं लागतं.) एकूण ३४ जण झाले आणि बेरीज आली किलोमीटरला ४३० रुपये. म्हणजे प्रत्येक किलोमीटर बारा सेलांचा. सातव्याला बसले तर छत्तीस सेल गेले. हा आकडा डोक्यात असला की अलार्म वाजल्यावर माणूस उठतो, हा माझा अनुभव.

आता शरीराची थिअरी. सपाट रस्त्यावर धावायला वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी लागते. गंमत म्हणजे हळू धावलात काय आणि जोरात काय, आकडा फारसा बदलत नाही. माझं वजन ५२ किलो, म्हणजे १० किलोमीटरला ५२० किलोकॅलरी. पण स्नायूंची एफिशियन्सी २०-२५ टक्केच. उरलेली, म्हणजे ४०० च्या आसपास, निव्वळ उष्णता! शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरली तर माझं तापमान १ अंशाने वाढायला ४३ किलोकॅलरी पुरतात. भागाकार करा. थंड व्हायची सोयच नसती तर शेवटी मी ९ अंशांनी तापले असते, म्हणजे दवाखान्याच्याही पलीकडे. ते होत नाही ते घामामुळे. एक लिटर घाम उडून गेला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. मात्र तो उडून जायला हवा. नुसता गळून पडला तर थंडावा शून्य. म्हणून दमट हवेत धावणं अवघड जातं आणि म्हणून शर्यती उजाडताना ठेवतात. मे महिन्यात सकाळी अकराला मैदानावर "स्टॅमिना वाढवणाऱ्या" मुलांनी हे गणित एकदा करून बघावं.

पाण्याबद्दल लोक उलटंच सांगतात, की जेवढं जाईल तेवढं प्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम धोक्याच्या खाली आलेलं होतं, मुख्यतः अति पाणी पिऊन. १० किलोमीटरला तहान लागेल तसे दोन-चार घोट पुरतात.

सराव मी १२ आठवडे केला, आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला १ मिनिट धावणे, २ मिनिटं चालणे. रूममेट सोबत होती, कारण अंधारात एकटीला सोडायला रेक्टर मॅडम तयार नव्हत्या आणि गल्लीतली कुत्रीही. रविवारी हनुमान टेकडी. अंतर आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये असं सगळे सांगतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनमध्ये हे नवशिक्यांवर तपासलं आणि २००८ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. एका गटाला १३ आठवडे हळूहळू वाढवलं, दुसऱ्याला ८ आठवड्यांत. दोन्ही गटांत जवळपास सारख्याच, शेकडा वीसच्या आसपास, लोकांना दुखापत झाली. तेव्हा १० टक्के हा काही न्यूटनचा चौथा नियम नाही. दुखलं की थांबायचं, हे मात्र पाळा.

वेग मोजायला घड्याळ नको. धावताना पाढे म्हणता आले पाहिजेत. रूममेट "बे एके बे" म्हणायची आणि मी "टू वन्स आर टू". बारा-तेराच्या पाढ्याला धाप लागली तर वेग जास्त आहे. (तेराचा येतच नसेल तर तो दोष वेगाचा नाही.)

आणि आता आपल्या ब्रँचचा विषय. छातीवर लावायच्या नंबराच्या, म्हणजे बिबच्या, मागे एक पातळ पट्टी असते. तिच्यात बॅटरी नाही. रस्त्यावरच्या मॅटमधल्या अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. गाड्यांच्या फास्टॅगचं तत्त्व हेच. शरीरात पाणी भरपूर आणि पाणी या लहरी शोषून घेतं, म्हणून बिब दुमडू नका, कमरेच्या मागे लावू नका, त्यावर जॅकेट घालू नका. नाहीतर धावलात तरी मशीनच्या लेखी गैरहजर! वेळाही दोन असतात. बंदूक वाजल्यापासूनची एक, आणि तुम्ही स्टार्टची मॅट ओलांडल्यापासूनची दुसरी. गर्दीमुळे मॅटपर्यंत जायलाच मला १ मिनिट ५० सेकंद लागले. म्हणून बंदूक वाजताच ढकलाढकली करायचं काही कारण नाही.

प्रत्यक्ष शर्यतीबद्दल थोडंच सांगते. पहिला किलोमीटर मी ठरवून ७ मिनिटं ४० सेकंदांत केला. आजूबाजूने शाळेची पोरं, आजोबा, ढोल घेतलेले दोघे, सगळे पुढे जात होते आणि त्यांना जाऊ देणं हीच परीक्षा असते. चौथ्या किलोमीटरपासून त्यातली निम्मी मंडळी चालताना भेटली. सहाव्याला पुलाचा चढ लागला. तिथे पावलं छोटी केली, मान खाली. आठव्याला उजव्या बरगडीखाली कळ आली. वेग कमी केला, श्वास लांब सोडत राहिले, तीन-चार मिनिटांत गेली. मनात एकच चाललं होतं, चोवीस सेल बाकी, बारा सेल बाकी. त्या शाळेची मुलं नवव्या किलोमीटरपाशी उभी होती. टाळ्या वाजवत नव्हती, दोन्ही हात वर करून पंजे हलवत होती. खुणांच्या भाषेत टाळ्या अशाच असतात. तो किलोमीटर कसा गेला ते खरंच आठवत नाही. शेवटचा ६ मिनिटं ४० सेकंदांत झाला, आणि एकूण वेळ १ तास १३ मिनिटं.

धावण्यापेक्षा वसुलीला जास्त स्टॅमिना लागतो. तिला तीन आठवडे गेले. सरांनी चिपचा निकाल बघितला आणि ५०० ची नोट काढली. मेसच्या काकूंनी ५० ऐवजी १०० दिले. ४,३०० चे ४,३५० व्हायला हवे होते. त्यातले ४,२०० जमले. त्यांचे बरोबर १२० सेल आले. शाळेने वहीच्या पाठीमागे पावती लिहून दिली आहे आणि ती आपल्या विभागाच्या नोटीस बोर्डवर लावली आहे, ज्यांनी पैसे दिले त्यांनी जाऊन बघावी.

उरलेले १५० रुपये फायनल इयरच्या दोघांकडे आहेत. नावं छापत नाही. पण प्रोजेक्टच्या सबमिशनआधी मी लायब्ररीत रोज चारनंतर असते, आणि वही माझ्या बॅगेत असते.