तुटलेली शेपटी आणि जिवाणू

प्रश्न : पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते. त्यात जिवाणूंचा हात असतो का? (एक वाचक, नवेगावबांध, जि. गोंदिया)

उत्तर : शेपटी घडवतात पालीच्याच पेशी. पण इतर काही प्राण्यांत जिवाणू हे काम बिघडवतात किंवा सावरतातही.

गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया हा चपटा कृमी एवढ्याशा तुकड्यातून पूर्ण देह उभारतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या स्टोवर्स संस्थेतील संशोधकांना दिसले, की त्याच्या अंगात प्रोटिओबॅक्टेरिया गटातले जिवाणू माजले की नवी वाढ खुंटते. प्रतिकारयंत्रणेतला एक संदेश रोखताच ती पुन्हा सुरू झाली!

उंदरांत चित्र उलटे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात जंतुरहित उंदरांच्या जखमेत नवी केसमुळे कमी उगवली.

म्हणून जखमेत जंतू राहू द्यावेत असे नाही. धानाच्या बांधीत पाय कापल्यास जखम लगेच स्वच्छ धुवावी. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.