सांधेदुखी, आमवात आणि ल्यूपस : वेळीच ओळख, अखंड उपचार

आपल्याकडे सांधा दुखू लागला की त्या दुखण्यास ‘वात’ हे एकच नाव मिळते. भाईंदरच्या मिठागरांत उकिडवे बसून ज्यांचे आयुष्य सरले अशा सत्तरीच्या वृद्धेचा गुडघा कुरकुरला तरी तो वात, आणि रोज सकाळी मीरा रोड स्थानकावरून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या तरुणीच्या बोटांची पेरे सुजली तरी तोही वातच. नावाने काय बिघडते, असे कोणी विचारील. या दोन प्रसंगी बरेच काही बिघडते. वृद्धेच्या गुडघ्याची झीज चार महिने उशिरा तपासली म्हणून सहसा अनर्थ ओढवत नाही. तरुणीच्या बाबतीत मात्र तेवढाच विलंब तिची बोटे कायमची वाकडी होण्यास, आणि विकार ल्यूपसचा असल्यास मूत्रपिंडे निकामी होण्यास, कारणीभूत होऊ शकतो.

मीरा-भाईंदर हे या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे शहर आहे. भाईंदर, नवघर, मिरे, काशी, घोडबंदर या ग्रामपंचायतींचे क्षेत्र एकत्र करून १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली, पुढे उत्तन, डोंगरी, राई-मोर्वा हा भाग तीत आला आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाख ९ हजारांवर गेली होती. एका बाजूस उत्तनचे कोळीवाडे, दुसऱ्या बाजूस नोकरीसाठी मुंबईस जाणारा प्रचंड मध्यमवर्ग, आणि मध्ये उद्वाहन नसलेल्या चार मजली जुन्या इमारती, असे हे मिश्र शहर आहे. सांधे धरलेल्या माणसास येथील प्रत्येक जिना मोजावा लागतो.

भिगवणचा अभ्यास

सांध्यांचे विकार समाजात किती प्रमाणात आहेत, याचा घरोघरी जाऊन केलेला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांची विचारपूस झाली, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे दुखणे असल्याचे आढळले. यांपैकी बहुतेकांचे दुखणे झिजेचे, श्रमाचे वा स्नायूंचे होते. ज्याला वैद्यकात संधिवाताभ संधिशोथ व बोलीत आमवात म्हणतात, तो विकार सुमारे अर्धा टक्का प्रौढांत होता.

अर्धा टक्का हा आकडा लहान भासतो. मीरा-भाईंदरमधील प्रौढांची संख्या साडेपाच लाख धरून त्रैराशिक मांडले, तर या एका शहरात अडीच हजारांहून अधिक आमवातग्रस्त निघतात. ल्यूपस त्या मानाने दुर्मीळ आहे. दिल्लीनजीकच्या एका जुन्या पाहणीत तो लाखामागे तीन व्यक्तींत आढळला होता. हे गणित ढोबळ आहे, कारण गावाचे प्रमाण शहरास जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. तथापि आपल्या प्रभागात असा रुग्ण नसेलच, असे कोणा लोकप्रतिनिधीने समजू नये, एवढे त्यातून निश्चित होते.

दुखणे कोणते, हे कसे ओळखावे

झिजेचा संधिवात उतारवयात, मुख्यतः गुडघ्यांत होतो. चालल्याने दुखणे वाढते, विसावा घेतल्याने उतरते. आमवाताची रीत नेमकी उलट. सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात. मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही, पोळीचे पीठ मळता येत नाही. हा ताठरपणा तासभर वा त्याहूनही अधिक टिकतो आणि हालचाल केल्यावर हळूहळू सैल होतो. सूज बहुधा दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना, मनगटांना व पावलांना सारखीच येते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक. अंगठ्याच्या मुळाशी एका रात्रीत लालबुंद सूज येऊन चादरीचा स्पर्शही सोसत नाही, असा प्रकार असेल तर तो बहुधा युरिक आम्लाचा गाऊट होय आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे आणि चरकसंहितेत वातरक्ताचे. सांध्यांची सर्व दुखणी एक नव्हेत, ही जाण आपल्या परंपरेत प्राचीन काळापासून होती. ती लोकव्यवहारातून पुसली गेली, हे दुर्दैव.

सांध्याची सूज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर मलम व शेक यांत काळ दवडू नये. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वकीय आणि परके यांतील भेद विसरते व सांध्याच्या आतील अस्तरावरच हल्ला चढविते. ते अस्तर सुजते, कूर्चा व हाड कुरतडते. एकदा कुरतडलेले हाड औषधाने पूर्ववत होत नाही. हानीचा मोठा भाग पहिल्या एक-दोन वर्षांतच घडत असल्याने आरंभीचे महिने मोलाचे ठरतात.

ल्यूपस : अनेक मुखवट्यांचा विकार

ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे भासल्यावरून मध्ययुगीन युरोपात हे नाव रूढ झाले. येथेही प्रतिकारशक्तीच वैरीण होते, परंतु तिचा रोख केवळ सांध्यांवर नसून त्वचा, रक्त, फुप्फुसांचे व हृदयाचे आवरण, मेंदू आणि मूत्रपिंडे यांपैकी कशावरही असू शकतो. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुसंख्य पंधरा ते पंचेचाळीस या वयोगटातील. ज्या वयात घर, नोकरी व मुलेबाळे यांचा भार शिरावर असतो, नेमके तेच वय.

सांधेदुखीसह दीर्घकाळचा बारीक ताप, दोन्ही गालांवर व नाकावर पसरणारा लालसर चट्टा, उन्हात गेल्यावर वाढणारे पुरळ, मूठभर केस गळणे, तोंडात वारंवार व्रण येणे, कारण न कळता रक्त कमी होणे, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की ल्यूपसची शंका घ्यावी. आपल्याकडे असा रुग्ण आधी अशक्तपणाच्या, मग विषमज्वराच्या, पुढे क्षयाच्या नावाखाली फिरत राहतो. पावलांवर वा डोळ्यांभोवती सूज आली तर मूत्रपिंडांची तपासणी तातडीने करावी. मूत्रपिंडांचा दाह प्रारंभी वेदना देत नाही. लघवीतील प्रथिने पाहण्याची साधी चाचणी आणि रक्तदाब मोजणे, या दोन स्वस्त गोष्टींनी तो लवकर उमगतो. ल्यूपसच्या रुग्णाने हे दोन्ही नियमाने करावे; महागड्या चाचण्यांच्या यादीपेक्षा याचे मोल अधिक आहे, असे म्हणावेसे वाटते.

ऊन हा या रोगाचा जुना शत्रू. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी शांत असलेला विकार पुन्हा उसळतो. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील सुकत घालणाऱ्या महिलेस ‘उन्हात जाऊ नका’ हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण. तिला भल्या पहाटे व सायंकाळचे काम देणे, लांब बाह्यांचे वस्त्र व रुंद काठाची टोपी किंवा पदर यांची सवय लावणे, घरातील दुसऱ्या कोणी दुपारचे काम उचलणे, असा व्यवहार्य मार्ग कुटुंबानेच शोधावयास हवा. ऊन टाळणाऱ्यांत ड जीवनसत्त्व उणे पडते, तेव्हा त्याविषयीही डॉक्टरांस विचारावे.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये दोन शोध लागले. ल्यूपसच्या रुग्णांत दिसणारी विशिष्ट पेशी हारग्रेव्हज यांनी सहकाऱ्यांसह दाखविली आणि हेंच यांनी आमवाताच्या रुग्णास कॉर्टिझोन देऊन पाहिले. दुसऱ्या शोधास १९५० चे नोबेल पारितोषिक लाभले. त्या पेशीच्या जागी आज एएनए नावाची रक्तचाचणी आली आहे. ती ल्यूपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत सकारात्मक येते. पण अनेक निरोगी व्यक्तींतही येते. म्हणून केवळ प्रयोगशाळेच्या कागदावरून कोणी स्वतःस ल्यूपसचा रुग्ण ठरवू नये.

औषधे आणि पुड्या

हे दोन्ही विकार समूळ बरे करणारे औषध अद्याप नाही, परंतु काबूत ठेवणारी औषधे निश्चित आहेत. आमवातातील मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. बहुतेक गोळ्या रोजच्या असतात, या समजुतीने ते रोज घेतले गेले तर तोंड सोलते, रक्तातील पेशी घटतात आणि प्राणही जाऊ शकतो. असे मृत्यू जगभर नोंदले गेले आहेत. म्हणून पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहावा आणि अक्षरओळख नसलेल्या रुग्णाच्या घरी आशा कार्यकर्तीने वा शिक्षकाने तो समजावून द्यावा. यकृत व रक्त यांची तपासणी ठरल्याप्रमाणे करावी, मद्य वर्ज्य करावे.

ल्यूपसमधील आधारस्तंभ म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळचे मलेरियाचे हे औषध रोगाची उसळी रोखते व ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. २०२० च्या मार्चमध्ये करोनावर ते चालेल, अशी हवा उठली आणि औषधांच्या दुकानांतून ते दिसेनासे झाले. केंद्र शासनास विक्रीवर निर्बंध घालावे लागले व निर्यातही थांबवावी लागली. करोनावर त्याचा उपयोग नाही, हे पुढे सिद्ध झाले. मधल्या काळात ज्यांना त्याची खरी गरज होती, ते रुग्ण दुकानोदुकानी हिंडत होते.

स्टेरॉइडचे तसे नाही. ते त्वरित गुण देते, ल्यूपसच्या तीव्र अवस्थेत जीव वाचविते. मात्र त्याची मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. बरे वाटले म्हणून एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. लोकलच्या डब्यांत ‘सांधेदुखीवर रामबाण’ अशी पत्रके चिकटवलेली आपण पाहतो. अशा निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. चार दिवसांत चमत्कार घडविणाऱ्या पुडीत काय आहे, हे विक्रेता सांगत नसेल तर ती घेऊ नये. पुडी घेणाऱ्या रुग्णानेही ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

पथ्याविषयी गैरसमज फार. आंबट, वांगे, कडधान्ये सोडल्याने आमवात बरा होतो, यास भक्कम आधार नाही. उलट, आधीच अशक्त असलेल्या रुग्णाचे पोषण तेवढे घटते. गाऊटमध्ये मात्र मद्य, मटण व तारलीसारखी मासळी खरोखरच बाधते. धूम्रपान आमवातास पोषक ठरते, ते सोडावे. सूज उतरल्यावर सांधे हलते ठेवावेत. अंथरूण धरून राहिल्याने ते आखडतात.

विवाह, मातृत्व आणि लपवाछपवी

हे विकार संसर्गजन्य नाहीत. तरीही मुलीचे दुखणे विवाह ठरेपर्यंत दडविण्याची प्रथा आहे आणि तिची किंमत मुलगीच मोजते. सासरी गोळ्या लपविता येत नाहीत म्हणून त्या बंद होतात व काही महिन्यांत रोग उसळतो. ल्यूपस असलेल्या अनेक स्त्रियांना सुखरूप अपत्यप्राप्ती होते; अट एवढीच की गर्भधारणेपूर्वी किमान सहा महिने रोग शांत असावा आणि औषधे आधीच बदलून घेतलेली असावीत. मेथोट्रेक्सेट गर्भास घातक आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गर्भारपणीही चालू ठेवतात. हे विवाहापूर्वी दोन्ही घरी उघड बोलले जाणे हिताचे.

शाळा, कार्यालय, ग्रामपंचायत

सोळा वर्षांखालील मुलांनाही संधिवात होतो. मूल लंगडते, लेखणी धरताना चाचरते, कवायत टाळते. त्यास आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकांनी मनगट व गुडघे पाहावेत. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज आली तर तो सांधेज्वर असू शकतो. तो हृदयाच्या झडपा बिघडवितो आणि पेनिसिलीनने रोखता येतो. त्या मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

ग्रामपंचायतींनी चिकुनगुन्याचीही आठवण ठेवावी. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आणि २००६ साली राज्याच्या मोठ्या भागात ही साथ आली, तेव्हा ताप उतरल्यावरही महिनोन्‌महिने लोकांचे सांधे धरलेले होते. ते दुखणे आमवाताशी इतके मिळतेजुळते असते की साथीच्या काळात निदान तज्ज्ञानेच करावे. डासांची पैदास रोखणे, हा त्या सांधेदुखीवरील पंचायतीच्या हातातला उपाय.

कार्यालयप्रमुखांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. या रुग्णांचा थकवा बाहेरून दिसत नाही. काल ठीक असलेली कर्मचारी आज मूठ वळवू शकत नाही, हे ढोंग नसून रोगाचे स्वरूपच आहे. सकाळी तासभर उशिरा येण्याची सवलत, तळमजल्यावरील जागा, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी रजा, एवढ्याने पुष्कळांची नोकरी टिकते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकवीस प्रकारांची नोंद आहे. त्यांत ल्यूपस स्वतंत्रपणे नाही. तथापि सांध्यांत कायमची विकृती येऊन हालचाल मर्यादित झाल्यास अस्थिव्यंगाच्या निकषानुसार तपासणी होऊ शकते. मीरा-भाईंदरकरांनी प्राथमिक तपासणीसाठी भाईंदर पश्चिमेतील भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजेच टेंभा रुग्णालय, गाठावे आणि गरज पडल्यास तेथून मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयासाठी चिठ्ठी घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे. जाताना जुने अहवाल तारखेनुसार लावून, चालू औषधांची यादी व सुजलेल्या हातांचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र सोबत ठेवावे. सकाळची सूज दुपारच्या बाह्यरुग्ण विभागात पोहोचेपर्यंत बहुधा उतरलेली असते.